वेलांटीकाकांची जळजळ

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तेव्हा वेलांटीकाका गालात हसले. कॉफी नको, चॉकलेट नको, टोमॅटो नको, आंबट फळं नकोत, तळकट आणि तिखट तर बिलकूल नको. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, आणि पोटाला तडस लागेपर्यंत खायचं नाही. एवढंच? ज्या माणसाने उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या ह्रस्व-दीर्घाच्या चुका टिपण्यात घालवला, त्याला ताटातल्या चुका टिपणं काय जड? "पित्त माझ्यापुढे टिकणार नाही," असं त्यांनी काकूंना ठणकावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुमच्यापुढे कोण टिकतं?" काकांनी ती स्तुतीच समजली.

खरेदीला ते लाल पेन घेऊन गेले. एका बिस्किटाच्या पुड्यात तिखट, आंबट, तळकट काहीच नव्हतं, पण वर 'पौष्टीक' छापलं होतं, दीर्घ! काकांनी पुडा तिथल्या तिथे परत ठेवला. ज्यांना वेलांटी कळत नाही त्यांना माझं पोट काय कळणार, असं त्यांनी दुकानदारालाच विचारलं. शेवटी पिशवीत ओट्स, बटाटे आणि केळी एवढंच उरलं. बटाट्यावर काही छापलेलं नसतं.

इकडे छापखान्यात मोठी घडामोड चालू होती. मुख्य मुद्रितशोधक निवृत्त होत होते आणि त्यांची खिडकीजवळची, उंच पाठीची खुर्ची रिकामी होणार होती. त्या खुर्चीवर काकांचा डोळा फार जुना. काकूंनी तर खुर्ची मिळाल्याचं बहिणीला कळवूनही टाकलं होतं.

मालकांनी काकांना खोलीत बोलावलं. सोबत धाकटीलाही. धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यांत लहान मुलगी. अनुस्वार कुठे द्यायचा इथपासून काकांनीच तिला शिकवलेलं. मालक स्वतः यंत्रातून कॉफी काढत काकांच्या अनुभवाबद्दल, जबाबदारीबद्दल बरंच काही बोलत होते. पण पथ्य सुरू झाल्यापासून काकांना कॉफीचा नुसता वास आला तरी कान बंद होत. कप त्यांच्यासमोर आला. वाफ नाकाशी आली.

"मग घेणार ना?" मालकांनी विचारलं.

काकांनी मोठ्या निग्रहाने हात आडवा धरला. "नको साहेब. आता नाही झेपत मला. हिला द्या. तरुण आहे, हिला पचेल."

मालक थक्क झाले. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका कप कॉफीसाठी पोरगी इतकी भारावली, याचं काकांना कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नेमणूक लागली: धाकटीची. काकांनी ती सवयीने शुद्धलेखनासाठी वाचली, आणि मग अर्थासाठी.

दुपारी तिच्या कौतुकाचा चॉकलेट केक आला, संत्र्याचा रस आला, टोमॅटो भरलेली सँडविचेस आली. म्हणजे डॉक्टरांनी जे जे नको म्हटलं होतं ते सगळं हारीने मांडलेलं. काका एकेका बशीला हात जोडत सुटले. पुस्तक-बांधणीवाल्याने सर्वांदेखत विचारलं, का हो, एक घासही नाही?

"छातीत जळजळ होतेय," काका म्हणाले.

धाकटीच्या हातातली सुरी केकमध्येच थांबली. आपण काय बोललो ते काकांच्या ध्यानात आलं, आणि सावरायला ते घाईने म्हणाले, "तसं नव्हे, पोटात दुखतंय."

हे तर आगीत तेलच झालं. मग त्यांनी 'जरा मळमळतंय' असंही सांगून पाहिलं, तेव्हा बांधणीवाला म्हणाला की काढून टाका एकदाची मनातली मळमळ, बरं वाटेल. शब्दांत केस पांढरे झालेल्या माणसाला त्या दिवशी शोध लागला, की पोटाच्या दुखण्याचे मराठीतले सगळे शब्द मत्सराने आधीच अडवून ठेवले आहेत.

संध्याकाळी धाकटी त्यांच्या टेबलाशी आली. डोळे लाल होते. "काका, तुम्हीच म्हणालात ना, मला झेपत नाही, हिला द्या, हिला पचेल? मी घरी सगळ्यांना सांगितलं, माझ्या गुरूंनी स्वतःची जागा मला दिली म्हणून. मग आज असं का बोललात?"

तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. 'अगं बाई, मी कॉफीबद्दल बोलत होतो' हे वाक्य अगदी जिभेच्या टोकाशी आलं. एवढं बोलले असते तर मालकांनी कदाचित फळा पुसलाही असता. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. अनुस्वार चुकला की ती पूर्वी अशीच उभी राहायची.

"पित्त आहे गं मला," ते म्हणाले. "खरंखुरं, डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि ती खुर्ची तुझीच. मी विचार करूनच बोललो होतो."

धाकटी रडता रडता हसली. धावत जाऊन तिने काकांसाठी एक केळं आणलं, समोर बसून खायला लावलं आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन टेकली. "काका, काय आराम आहे हो या पाठीला!" तिने तिथूनच सांगितलं.

काकांच्या छातीत भसकन जळजळ उठली.

घरी जाताना त्यांनी दिवसभराचं खाणं मनातल्या मनात लाल पेनाने तपासलं. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेला बटाटा, संध्याकाळी केळं. पुन्हा तपासलं. चूक कुठेच सापडेना.

दारातच काकूंनी चेहरा ओळखला. "आज बाहेर काय खाल्लंत? छाती का चोळताय?"

काका चपला काढत म्हणाले, "केळं बाधलं असेल."