विश्वसुंदरी हालिनाचा उपास

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि तळ्यात बेडूक होते. बेडकांचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते कमी होतील.

दर हिवाळ्यात पोलंडहून हालिना नावाची करकोची तिथे यायची. तिकडे एका शेतकऱ्याने छपरावर गाडीचं जुनं चाक ठेवलं होतं, त्यावर तिचं घरटं. इथे यायचं, बेडूक खाऊन अंगात बळ आणायचं आणि फाल्गुनात परत फिरायचं. उशीर झाला की घरट्यात दुसरीच येऊन बसते. करकोच्यांचे नवरे वाट बघतात, पण फार नाही.

त्या वर्षी जंगलात विश्वसुंदरी स्पर्धा निघाली. आयोजक मुंगसेसाहेब, म्हणजे मुंगूसच, घामाघूम झाले होते. फलकावर 'विश्व' लिहून बसले आणि परदेशी स्पर्धक एकही नाही! तेवढ्यात त्यांना हालिना दिसली.

"ताई, नुसतं उभं राहायचं हो."

"मी जेवायला आलेय."

"मग उभ्याने जेवा!"

हालिना सवयीने एका पायावर उभी राहिली. असा डौल परीक्षकांनी कधी पाहिला नव्हता. बगळे रोज तसेच उभे असायचे, पण ते पडले गावातले.

शेवटी परीक्षक मोराने प्रश्न विचारला, "आयुष्यात सगळ्यात जास्त काय हवंय?"

हालिना सकाळपासून उपाशी. ती म्हणाली, "बेडूक."

मग मोराने डोळे टिपले. "बाकीच्या हिरे मागतात. हिने बेडूक मागितला! केवढं हे मन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुकुट चढला आणि हालिना 'बेडूकमित्र' झाली.

मग काय विचारता! फिती कापा, फोटो काढा, बेडकांना मांडीवर घ्या. मांडीवर बेडूक आणि पोटात कावळे. मुंगसेसाहेब दिवसरात्र पाठीशी असायचे आणि जेवायला काकडी द्यायचे.

"साहेब, मी खरंच बेडूक खाते हो."

"काय विनोदबुद्धी आहे ताईंची!" साहेब म्हणाले, आणि तिचं ते वाक्य त्यांनी फलकावर छापलं.

फाल्गुन आला. हालिनाने पंख पसरले, चार हात उडाली आणि धप्पकन पडली. अंगात त्राणच नव्हतं. बिचारी रडली. तिकडे नवरा चाकावर मान लांब करून उभा असेल.

दुसऱ्या दिवशी बेडूक महासंघाने तिचा सत्कार ठेवला. अध्यक्ष दादासाहेब बेडके, चांगले गलेलठ्ठ, हार घेऊन मंचावर आले.

"ताईंच्या मनात आम्हाला जागा आहे..."

"मनात नाही हो, दादासाहेब," हालिना कळवळून म्हणाली, आणि तिने त्यांना हारासकट गिळलं.

मग मोर हुंदका देत उठला. "लोक मायेने पोटाशी धरतात. हिने तर थेट पोटात घेतलं!"

पुन्हा टाळ्या. उपाध्यक्ष तावातावाने पुढे आले, "मग आम्ही काय पाप केलंय?" रांग लागली. चिटणिसांना आधी घेतलं म्हणून खजिनदार रुसले. त्यांची समजूत काढून त्यांनाही घेतलं.

त्याच दुपारी हालिना उडाली ती थेट घरी. नवरा चाकावर एकटाच होता.

"उशीर केलास."

"सत्कार होता," ती म्हणाली. मुकुट तिने घरट्यात बसवला. अंड्यांना बरा पडला.

तात्पर्य : मुलांनो, सत्य लपवायचं असेल तर ते मुकुट घालून, मंचावरून, मोठ्याने सांगावं.