घमेल्यातले न्यायाधीश

आमच्या गल्लीत रोज सकाळी चहाच्या वेळी डोमाजीकाका लोखंडी घमेल्यात चिखल कालवतात, धोतर वर खोचून त्यात उभे राहतात आणि आरोपीला जन्मठेप सुनावतात. आरोपी म्हणून समोर त्यांची शेळी असते. भागरताकाकू गेल्यापासून घरात तेवढीच ऐकणारी उरली आहे.

केशोरीकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि मंडईत गावकऱ्यांचं नाटक होतं. त्यात न्यायाधीशाचं काम डोमाजीकाकांचं. मी शाळेत मास्तर आणि नाटकात प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत पुस्तक धरून बसायचं आणि अडलेल्याला पुढचं वाक्य पुरवायचं. काकांना पुरवण्याची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

यंदा मात्र साखरेने त्यांचे पाय धरले. तळव्यांची आग आग व्हायची, कोणी सुया टोचल्यासारखं व्हायचं. आधी झोप गेली, मग पाठांतर गेलं. तालमीत ते निकालाच्या भाषणात पुन्हा पुन्हा अडायला लागले, तेव्हा नाटक मंडळाच्या पोरांनी तोंडावर सांगितलं, "काका, मंडईच्या दिवशी अडले तं पुढच्या सालापासून खाली बसून नाटक पाहा."

"पाय माहे, डोस्कं माहं. कोन अडवते तेच पाहतो," काका म्हणाले. हे वाक्य मग गावाने दिवाळीपर्यंत ऐकलं.

मी त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. साखर नसा खराब करते, दुखणं सारखं बोंबलत राहिलं की मेंदूला नवं शिकायला आणि जुनं आठवायला उसंत मिळत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. गांजातलं द्रव्य मेंदूत ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या जागांसाठी शरीर स्वतःही तसलंच काहीतरी बनवतं, आणि दुखण्याशी व आठवणीशी त्या जागांचा संबंध आहे, असंही म्हणाले. गांजा ओढायचा नाही, गोळ्या घ्यायच्या, हे त्यांनी दोनदा बजावलं. काकांनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. परतताना एसटीत ते खणखणीत आवाजात सांगू लागले, "माह्या मेंदूत गांज्याची जागा हाये. डॉक्टरनंच सांगतलं." पुढच्या थांब्यावर आमच्या शेजारची बाई उठून कंडक्टरजवळ जाऊन बसली.

चिखलाचा शोध काकांचा स्वतःचा. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, गार चिखलात पाय गेले की आग निवते आणि आग निवली की भाषण आठवतं. पण डॉक्टरांनी अनवाणी फिरायला बंदी केली होती. काटा रुतला तरी कळणार नाही म्हणाले. म्हणून काकांनी माती चाळणीने चाळली, पाणी उकळून निववलं आणि घमेल्यात सोवळा चिखल तयार केला. अख्खं भाषण त्यातच उभं राहून पाठ केलं. घोळ एवढाच झाला की काका घमेल्याबाहेर आले तरी भाषण घमेल्यातच राहायचं.

"मंग घमेलं बी कोर्टात येईन," काका म्हणाले.

आलं. मंडईच्या दिवशी न्यायाधीशाच्या टेबलाखाली, लाल कापडाच्या आड. निकालाचं भाषण रंगात आलं आणि काका मध्येच थांबले. मी वाक्य पुरवलं. काका गप्प. मी मोठ्याने पुरवलं, पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतकं. काकांनी माझ्याकडे न पाहता हात वर केला. मला राग आला. या हट्टापायी हा माणूस हातचं काम घालवणार, असं वाटलं.

मग काकांचा चेहरा निवळला आणि वाक्य आलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. नाटकात आरोपी न्यायाधीशाचाच मुलगा असतो; त्याला मिठी मारायला ते टेबलामागून निघाले तेव्हा स्टेजभर चिखलाची पावलं उमटली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मंडळाच्या पोरांनी पुढच्या सालचं काम तिथल्या तिथे कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायलाच गेलो. काका घमेलं घासत बसले होते.

"काका, मी पुरवून रायलो होतो. तुमी घेतलं काऊन नाई?"

काकांनी हात न थांबवता सांगितलं, "तुह्या काकूले अक्षर येत नोहोतं गा मास्तर. पन ऐकून ऐकून माहं सारं भाषन तिले पाठ. मी अडलो का चुलीपासून पुढचं वाक्य यायचं. आता बी येते, तिच्याच आवाजात. पाय जळून रायले का मले तो आवाज आयकू येत नाई. म्हनून हे घमेलं."

माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी शेळीकडे पाहिलं.

काकांनी घमेलं उन्हात पालथं घातलं. "पुढच्या साली मी थांबलो का तू गप राय," ते म्हणाले. "तिले बोलू दे."