बारापात्रेकाकांचा पिकलबॉल

आमच्या वरच्या मजल्यावरचे बारापात्रेकाका रोज सकाळी मास्तरला पाणी पाजतात. मास्तर म्हणजे घरबसल्या पिकलबॉलचा सराव करायचं साधन. पाणी भरलेला एक जड डबा, त्याला रबरी दोरी आणि दोरीच्या टोकाला भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू. बॅटने हाणला की चेंडू जातो आणि दोरी ताणली की तेवढ्याच जोरात परत येतो. बहुतेक वेळा काकांच्या कपाळावर. म्हणून काका स्कूटरचं हेल्मेट घालून खेळतात. हॉलमध्ये.

काका चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते; आता घरी एकटेच. वडिलांचा उमरेडला हातमाग, त्यात धोटा सारखा इकडून तिकडे धावायचा. त्यामुळे फटका नीट बसला की वरून आरोळी येते, "गेला आन् आला! धोट्यावानी!" काकांची फरशी म्हणजे माझं छत, त्यामुळे तो जाताना आणि येताना मलाही कळतो.

एकदा तक्रार करायची म्हणून तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. काका हेल्मेटसकट मधोमध उभे. दोरीचे दोन वेढे त्यांच्या कमरेला आणि एक दिवाणाच्या पायाला.

"बरं झालं आला गा. सोड मले."

सोडवता सोडवता तक्रार राहूनच गेली. वर चहा मिळाला.

"काका, खाली कोर्ट आहे की. तिथे का येत नाही?"

"हात तयार नाही ना अजून. कच्च्या हातानं लोकायच्यात गेलं तं हसतेत."

"किती दिवस करताय तयारी?"

"आठ महिने तं झाले असतीन."

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत सकाळी आम्ही ठरलेले चौघं खेळतो. त्याच आठवड्यात एक जण गावाला गेला आणि मी काकांना ओढून नेलं. हेल्मेट तेवढं काढायला लावलं.

काकांनी एकही चेंडू सोडला नाही. तरीही आम्ही सपाटून हरलो, कारण काका प्रत्येक चेंडू अगदी अदबीने समोरच्याच्या बॅटवर नेऊन देत होते.

"काका, त्याच्या हातात काय देताय? लांब मारा!"

"मंग त्यानं खेळावं कसं?"

सगळे हसले.

"हसून काहून राहिले गा?" काकांनी खरंच विचारलं.

निघताना कुणीतरी म्हणालं, "या काका उद्या."

दारातून पाहुणा निघाला की आपण म्हणतो, तसंच ते म्हणणं होतं. पण काकांनी ते आवक रजिस्टरात चढवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्याआधी हजर. पायात नवे पांढरे बूट, पँटला कडक इस्त्री. गावाला गेलेला गडी मात्र परतला होता. काका बाकावर बसले.

"तुमी खेळा. मी पाहून राहिलो."

तिसऱ्या दिवशीही ते पाहूनच राहिले.

चौथ्या दिवशी मी लिफ्टमधून लंगडत बाहेर आलो. "पाय मुरगळला. काका, माझ्या जागी खेळता का?"

काका उठले, चांगले तासभर खेळले. मी बाकावर बसून अधूनमधून कण्हत राहिलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात कोमट तेलाची वाटी. नको नको म्हणेपर्यंत ते आत येऊन खाली बसलेसुद्धा. मी घाईघाईने पाय पुढे केला. काका चोळू लागले. हात चांगलाच तयार होता.

मान वर न करता ते म्हणाले, "सकाळी दुसरा पाय होता गा."

मी पाय मागे ओढू लागलो. काकांनी चोळणं थांबवलं नाही.

"काकू गेल्यापासून," ते म्हणाले, "माह्यासाठी कोणी खोटं बोललं नोतं."

मग वाटी जरा सरकवून म्हणाले, "आन, तोही पाय दे."