ओव्हन आधी तापवून घ्या

घर चालवायला काय लागतं हो? वरण, भात आणि थोडं डोकं! तिन्ही माझ्याकडे आहेत, असं मी सईला ठणकावून सांगितलं.

सई माझी मुलगी. तिची आई, शोभना, गेली त्याला वर्ष झालं. म्हणून सई अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या रेडमंडहून इथे अल्फारेटाला मला न्यायला आली होती. बरोबर जावई वंशी आणि त्याची आई, म्हणजे आमच्या विजयवाड्याच्या विहीणबाई.

"बाबा, तुम्ही एकटे राहू शकत नाही."

"का? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"ठीक आहे. शनिवारी चौघांचं जेवण तुम्ही करायचं. कुणीही मदत करणार नाही. जमलं तर राहा इथेच!"

जमलं तर काय! शनिवारी संध्याकाळी मी विहीणबाईंसाठी एक तेलुगू सिनेमाही लावला. मुद्दाम निवडला होता. त्यात आजी, आई आणि सून एकदम तीर्थयात्रेला निघून जातात आणि घरात उरतात नुसते पुरुष. आजोबांना स्वतःचा बनियन कुठे असतो ते माहीत नाही. बापाला गॅस पेटवता येत नाही. नातू बायकांच्या हक्कांवर भाषणं ठोकतो आणि चहाची वेळ झाली की आईला फोन लावतो! पडद्यावर हे तीन नग आणि किचनमध्ये मी. फरक सईला आपोआप दिसणार!

वरण-भात झाला. भरल्या ढोबळ्या मिरच्या ओव्हनमध्ये करायच्या होत्या. ओव्हनला मी जन्मात हात लावला नव्हता. यूट्यूबवरची बाई म्हणाली, "ओव्हन आधी चारशे डिग्रीवर तापवून घ्या." घेतला! बटण दाबलं आणि रुबाबात सोफ्यावर येऊन बसलो.

पडद्यावर आजोबांनी दूध उतू घालवलं. विहीणबाई हसून हसून लाल! त्या मला अन्नय्यागारू म्हणतात, म्हणजे दादासाहेब.

"अन्नय्यागारू, बिलकुल हमारे घर के जैसा!"

"हमारे यहाँ ऐसा नहीं," मी म्हणालो.

आजोबांचं भांडं करपलं. वंशीनं हवेत हुंगलं. "यार सई, जळका वासपण येतोय! फोर-डी सिनेमा आहे काय?"

सईनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, ओव्हनमधलं सगळं बाहेर काढलंत ना?"

"ओव्हनमध्ये काय असणार? रिकामाच असतो तो!"

"रिकामा? आई सगळ्या कढया ओव्हनमध्ये ठेवायची!"

इथे आपल्या लोकांच्या घरात ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाट, हे मला माझ्याच घरात तीस वर्षांनी कळलं. कढया, तवे, प्लॅस्टिकची झाकणं, तिचा पोळ्यांचा डबा! धूर असा आला, जणू घरात कारखाना काढलाय. अलार्म किंचाळायला लागला. विहीणबाई म्हणाल्या, "क्या साउंड है!" आणि पडद्याकडेच बघत राहिल्या. वंशीनं त्यांना जवळजवळ उचलूनच बाहेर नेलं.

बंब आला. एक नाही, दोन! शेजारीपाजारी जमले. सई सासूबाईंना घेऊन लांब मेलबॉक्सपाशी उभी होती. एका धिप्पाड जवानानं मला विचारलं, "आत आणखी कोणी आहे?"

"माझी बायको," मी म्हणालो.

विचार करून नाही हो! तीस वर्षं या प्रश्नाचं मी हेच उत्तर देत आलोय. चूक लक्षात येईपर्यंत दोघं जण मुखवटे चढवून आत घुसलेही होते. वर बेडरूमचा दिवा लागला. मग बाथरूमचा. मी खाली उभा राहून खिडक्यांकडे बघत होतो.

जवान घामाघूम होऊन बाहेर आला. "सर, पलंगाखाली, कपाटात, सगळीकडे बघितलं. शेवटची कुठे दिसली होती तुम्हाला?"

"किचनमध्ये." खरं तेच सांगितलं.

तो वळला आणि पुन्हा आत!

सई धावत आली. "बाबा, ते परत आत का गेले? आग तर विझली ना?"

"आईला शोधायला."

तिनं मागे वळून वंशीला जवळ बोलावलं. मग हळूच म्हणाली, "वंशी, बाबांचंही तिकीट काढ."

मी वाद घातला नाही. पण जवानांना थांबवायला ती दाराकडे निघाली, तेव्हा मात्र तिचा हात धरला.

"राहू दे गं. वर्षभर मी शोधतोय, मला नाही सापडली. ही माणसं निदान ट्रेनिंग घेऊन तरी आलीत!"