बिनविरजणाच्या चंबूची हकीकत

श्रीस्मरण करून, वडिलांचे तोंडीं ऐकिलें तैसें लिहितों. अधिकउणें जाहल्यास श्रोतियांनीं सांभाळून घ्यावें. शके सोळाशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरीं महाराजांचे चित्तीं आलें कीं, पृथ्वीवर पहिला जीव कशापासोन जाहला? पंडित बोलिले, जिवापासोनच जीव, आणि पहिल्याचें पुसूं नये. झालें, मिटला वाद! मग रसशाळेचे दरोगे कोनेरपंत यांनीं अर्ज केला कीं, आरंभीं पाणी, वायु आणि वीज इतकेंच होतें, त्यांतूनच जिवाचें सामान सिद्ध जाहलें असावें, प्रत्यय दावितों. आज्ञा जाहली, दसऱ्यापावेतों दावावा, न पेक्षां रसशाळा मोडून जागा पागेस द्यावी. पंतांची हयात त्या शाळेंत गेली होती. मग त्यांणीं काचेच्या चंबूंत उकळोन निवविलेलें पाणी, पाणथळीचा वायु आणि नवसागराचा झणझणीत वायु कोंडिला, आणि रेशमावर काच घासोन विजेच्या ठिणग्या आंत सोडूं लागले. बहुत दिवस लोटले, पाणी पाणीच. पंतांस अन्न गोड लागेना, आणि वडील भगिनी गोदूआक्का यांस तें पाहवेना. पंत स्नानास गेले असतां आक्कांनीं बूच काढून पळीभर ताक आंत सोडिलें. मनीं म्हणाल्या, विरजणावांचून कधीं कांहीं लागलें आहे?

मग चंबूंत साय धरिली, बुडबुडे आले आणि भिंगाखालीं वळवळ दिसों लागली. महाराजांनीं स्वयें पाहिलें, नगारे झडले, पंतांस पालखीचा मान जाहीर जाहला. घरीं आक्का कौतुकानें म्हणाल्या, "कोनेरा, तुझ्या यशांत माझेंही पळीभर ताक आहे हो." पंतांनीं तत्काळ ओळखिलें कीं, ती वळवळ ताकाचीच. रागें भरावें तर आक्का मायेनेंच चुकल्या, आणि उगें रहावें तर शाळा वांचते, वर पालखी. फार कष्टी जाहले. मग दरबारीं जाऊन हात जोडोन बोलिले, "महाराज, हा जीव ताकांतला. आमचा नव्हे." पंडित गालांतल्या गालांत हंसले. महाराज इतकेंच म्हणाले कीं, दसरा अजून दूर आहे.

मग चंबू घासून, उकळून पुन्हां मांडिला, आणि आक्का स्वतां दारीं पाट टाकून बसल्या, कोणास फिरकूं देईनात. पंतांनीं पूर्वीहून दुप्पट दिवस ठिणग्या सोडिल्या, तेव्हां हळूहळू पाणी तांबूस जाहलें, आटवितां तळीं चिमूटभर कण उरले. परीक्षा करितां, डाळी व मांस फोडितां जे अंग बांधणारे कण निघतात, त्यांतलेच ठरले. दसऱ्यास ते हुजूर नेले. महाराजांनीं पुसिलें, "यांत जीव कोठें आहे?" पंत बोलिले, "जीव नाहीं, महाराज. जिवाच्या विटा आहेत. घर कैसें उभें राहिलें, तें मज ठाऊक नाहीं." पंडित म्हणों लागले, ह्या विटाही ताकांतल्याच नव्हेत कशावरून? तेव्हां महाराज बोलिले, "वळवळता जीव हातीं असतां जो माझा नव्हे म्हणाला, तो हे कण माझे म्हणतो, तर ते त्याचेच."

ऐसी रसशाळा राहिली, पागेस दुसरी जागा मिळाली. पहिला जीव कैसा जाहला हें त्या राज्यीं कोणास उमगलें नाहीं. विटा कैशा पडिल्या असतील, इतुकें कळलें.