कपाळावरची वेळ

नातवंडांनो, परवा व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, "आजी, कपाळावर दहा-वीस कशाला लिहिलंय?" आणि हसत सुटलात. त्या हसण्यात मला सांगताच आलं नाही, म्हणून लिहिते.

ते अक्षर आमच्या भालकीतल्या शेजारच्या अण्णांचं. मूळचे कमठाण्याचे. फौजेत सर्जन होते. जखमी जवानांवर शस्त्रक्रिया करण्यात आणि पुढे तरुण डॉक्टरांना शिकवण्यात त्यांची हयात गेली. आता हात थरथरतो, म्हणून ऑपरेशनं सोडली, शिकवणं सुटेना. दर रविवारी त्यांच्या ओसरीवर ऊसतोडीची माणसं, ट्रॅक्टरवाले प्रथमोपचार शिकायला जमतात. सरावातली जखमी कायम मीच. "अक्का हलत न्हाई, बोंबलत न्हाई," ही माझी पात्रता.

मांडीला रुमाल बांधायचा, त्यात पळी अडकवायची आणि रक्त थांबेस्तोवर पीळ द्यायचा. मग बांधल्याची वेळ कपाळावर लिहायची, म्हणजे पाय किती वेळ रक्तावाचून आहे ते पुढच्या डॉक्टरला कळतं. ऊसतोडीवरचा हणमंत हे शेवटचं हमखास विसरायचा.

"वेळ कोण लिव्हणार? तुझा सासरा?"

"त्यास्नी लिव्हायला येत न्हाई, साहेब."

अण्णांच्या घरात दुधाच्या पातेल्यावर वेळ, लोणच्याच्या बरणीवर वेळ. एकदा जावई दुपारी आडवे झाले. उठले तर मनगटावर झोपल्याची वेळ!

गेल्या हंगामात फडात कोयता निसटला आणि हणमंतच्या बायकोची, शांताची, मांडी चिरली गेली. रक्त थांबेना. हणमंतनं रुमाल आवळला, उसाच्या कांडक्यानं पीळ दिला आणि तिला जीपमध्ये घालून बिदर गाठलं. दोन दिवसांनी तो ओसरीवर आला.

"पाय ऱ्हायला, साहेब. पेन न्हवता. तंबाखूचा चुना होता, त्यानंच लिव्हलं. अकरा-दहा."

अण्णा उठून आत गेले.

"साहेब कामून उठले, अक्का? चुकलं काय माझं?"

मी आत गेले. अण्णा खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"अक्का, चौकीवरून एक जवान आला होता. पाय बांधलेला, पण वेळ लिव्हलेली न्हवती. कवा बांधला, कुणालाच ठाऊक न्हाई. मी पाय काढला. ऱ्हायला असता का, ते आजवर कळलं न्हाई मला."

मग डोळे पुसून बाहेर आले आणि हणमंतवर ओरडले, "पुढच्या रविवारी पेन घेऊन ये!"

शांता काल भाजी द्यायला आली होती. जरा लंगडते. कपाळावरचा चुना केव्हाच गेला, पाय आहे.