आबांच्या मानेवरचा गोचीड

गोचीड सापडला तो मल्हारी आबांच्या मानेवर, आणि तोही ऐन चहाच्या वेळेला. हर्षदा सासऱ्यांपुढं कपबशी ठेवायला वाकली आणि किंचाळली. कपबशी वाचली, चहा गेला.

"आबा, तुमच्या मानेवर काहीतरी आहे! पाय आहेत त्याला!"

आबांनी हात मागं नेला. दोन नखांत तो जीव कातडीलगत धरून सरळ वर ओढला, पिळला नाही की हिसडला नाही. मग तळहातावर घेऊन असा न्याहाळला, जसं माहेरचं माणूस भेटावं.

"गोचीड हाय. आसा सरळ काढायचा, मुंडकं आत ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. आन् मग चुलीत टाकायचा."

"चूल कुठाय आता? गॅस आहे आपल्याकडं," हर्षदा म्हणाली. ती दौंडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. "पण हा आला कुठून?"

आला कुठून, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना साखरेचा त्रास निघाल्यापासून डॉक्टरांनी रोज तासभर सायकल मारायला सांगितली होती. रविराजनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, कंपनीत परमनंट झाल्यावर मोटारसायकल घेतली आणि आपली जुनी सायकल तेलपाणी करून बापाला दिली. पहिला महिनाभर आबा इमानेइतबारे स्टँडपर्यंत जाऊन, भजी खाऊन माघारी येत. पण दिवाळीनंतर शिरूरकडचा ज्ञानदेव आपली तीनशे मेंढरं घेऊन नदीकडच्या रानात उतरला, आणि सायकल आपोआप तिकडं वळायला लागली.

तिथं जाऊन आबा काय करत? काही नाही. मेंढरांत बसत. ज्ञानदेव चहा विचारी, तर "नगं बाबा, बसू दे नुसतं," म्हणत. एखादं कोकरू मांडीवर घेत, त्याच्या लोकरीत नाक खुपसत. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची दीडशे मेंढरं विकली होती. बायकोनं, बानूबाईंनीच, धोशा लावला होता, "जलम उघड्यावर गेला माजा. आता मला दाराला कडी आसल्यालं घर पायजे." खुटबाव गावात जमीन घेतली, घर झालं, कडीही लागली. त्या कडीच्या आत आबांना मात्र एक दिवस धड झोप आली नाही. मेंढरांची आठवण यायची, आणि या वयात मेंढरांची आठवण येते असं सांगायचं तरी कुणाला? ज्ञानदेव आठवडाभरानं पुढं जाणार होता. तेवढा आठवडा कुणी विचारू नये, एवढीच त्यांची देवाकडं मागणी होती.

आणि नेमकं सुनेनं विचारलं.

"शेजारच्या सोपानराव चेअरमनच्या म्हशीचा आसंल," आबा बोलून गेले. "त्येंच्या गोठ्याम्होरनंच सायकल जाती माजी."

दुसऱ्या दिवशी गोचीड निघाला तो नातीच्या, सहा महिन्यांच्या पूनमच्या दुपट्यावर. तिला चावला नव्हता, पण हर्षदा रडायला लागली. आबांनी गुपचूप कडकडीत पाण्यानं आंघोळ केली, धोतर उकळलं, आणि उद्यापासून मेंढरांत बसायचे कपडे ज्ञानदेवाकडंच ठेवायचे असं ठरवलं. तेवढ्यात रविराज फर्स्ट शिफ्ट करून आला. हर्षदानं औषधाच्या रिकाम्या बाटलीत तो गोचीड घालून ठेवला होता, तो तिनं त्याच्यापुढं धरला.

"आबा, एक तर चेअरमनच्या म्हशींचा बंदोबस्त, न्हाईतर तुमची सायकल बंद," रविराज म्हणाला. "घरात लेकरू हाय."

सायकल बंद म्हणजे मेंढरं बंद. आबा सायकलची चेन पुसायला लागले. रविराज तडक शेजारी गेला.

सोपानराव दूध डेअरीचे चेअरमन. त्यांच्या सहा म्हशी आणि त्यांची इज्जत यांत ते फारसा फरक करत नसत.

"आमच्या म्हशींस्नी गोचीड?" ते उसळले. "आरं, तुज्याआधी अंगुळ करत्यात त्या! साबन लावून!"

"मग ह्यो काय आभाळातनं पडला?" रविराजनं बाटली दाखवली.

हे बोलणं झालं रस्त्यावर, आणि खुटबावात रस्त्यावर बोललेलं गावाला वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळी डेअरीत दूध घालायला आलेल्यांत चेअरमनच्या गोठ्यात गोचीड झाल्याची बातमी होती. दूध घालून परत जाताना ती चेअरमनच्या दुधात गोचीड निघाल्याची झाली. डेअरीची निवडणूक महिन्यावर आलेली. सोपानरावांना भाकर गोड लागेना. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना सकाळीच या म्हणून निरोप धाडला.

"हुंदे फैसला!" ते कुंपणावरून ओरडले. "मल्हारी आबा, तुमी बी या. बाटली घिऊन या!"

सकाळी गोठ्यापुढं निम्मी आळी जमली. डॉक्टरांनी सहाही म्हशी तपासल्या. कानांत बघितलं, शेपट्या उचलल्या, काही सापडलं नाही. सोपानराव मिशीवर हात फिरवायला लागले. मग डॉक्टरांनी बाटली उजेडाकडं धरली. त्यांना अजून चार गावं करायची होती.

"म्हशीचाच आहे," ते म्हणाले. "आज सापडले नाहीत म्हणून काय झालं? सगळ्या गोठ्यात फवारणी करून घ्या."

सोपानरावांची मिशी खाली आली. रविराजनं बापाकडं बघून मान हलवली. आबा सुटले होते. सायकल वाचली, मेंढरांतले राहिलेले चार दिवस वाचले. त्यांनी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण पन्नास वर्षं मेंढरांत काढलेल्या माणसापुढं गोचिडाबद्दल कुणी असं काही बोलावं!

"डॉक्टर, तुमी शिकल्यालं मानूस," आबा म्हणाले, "पन ह्यो म्हशीचा न्हाई."

"आबा, मी रोज बघतो."

"आवं, मी रोज काढलेत! म्हशीचा गोचीड आसा आसतोय व्हय? पाय बघा की ह्येचं, पाठ बघा. ह्यो सोळा आनं मेंढराचा हाय! त्यात बी कानामागचा!"

रविराजनं हळूच विचारलं, "आबा, आपल्याकडं मेंढरं कुनाची हायती?"

आबांनी म्हशीकडं बघितलं. म्हशीनं तोंड फिरवलं.

"शिरूरकडच्या ज्ञानदेवाची हायती, तीनशे. नदीला उतरलाय त्यो," आबा शेवटी म्हणाले. "रोज जातोय मी."

"कशाला?"

"बसाया."

"नुसतं बसाया?"

"व्हय, नुसतं बसाया!" आबांचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. "आठ वरसं झाली, रवी. तुमी मला काय कमी केलं न्हाई. पन मेंढराचा वास न्हाई आला तर मला सकाळ झाल्यासारकीच वाटत न्हाई, त्येला मी काय करू?"

सोपानराव आता चांगलेच झडझडून बोलणार होते, आणि तसा त्यांना हक्कही होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि मध्येच त्यांच्यातला शेतकरी जागा झाला.

"थांबा. तीनशे मेंढरं म्हनलासा?" ते म्हणाले. "माजं वांग्याचं रान मोकळं पडलंय, आन् म्हशींचं श्येनखत पुरत न्हाई. दोन राती मेंढरं बसवंल का त्यो माज्या रानात, लेंडीखताला? पोतंभर जवारी दीन."

वांग्याचं रान आबांच्या अंगणाला लागून होतं. मध्ये नुसता एक बांध. हर्षदानं कपाळावर हात मारला. रविराजच्या ओठावर 'न्हाई' आलं होतं, पण काल चेअरमनच्या म्हशींची बेअब्रू करून आज त्यांचं खत अडवायचं कुठल्या तोंडानं?

दिवस मावळायच्या आत मेंढरं आली. धूळ, लेंड्या, बें-बें आणि ज्ञानदेवाची दोन कुत्री. हर्षदानं खिडक्या लावल्या आणि झुरळांच्या खडूनं उंबऱ्यावर तीन रेघा ओढल्या. रविराजनं आईला बजावलं, "आई, आबांनी उंबरा वलांडला न्हाई पायजे. लेकरू हाय घरात. तुज्यावर सोपवतोय."

"तू निवांत नीज," बानूबाई म्हणाल्या. "मी दारातच आंथरून टाकती. बघती कसं जात्यात ते."

आबा निमूट पडून राहिले. शेजारी तीनशे मेंढरं, आणि मध्ये बायको. पहाटे उजाडता उजाडता कोकरांचा कालवा सुरू झाला, तसं त्यांना राहवेना. उठावं, बायकोच्या पाया पडावं, घटकाभर सोड म्हणावं, असं ठरवून ते दबक्या पावलांनी दाराशी आले. अंथरूण रिकामं होतं.

आबा बांधापर्यंत गेले. मेंढरांच्या मधोमध बानूबाई मांडी घालून बसल्या होत्या. एक कोकरू मांडीत, दुसरं पदर चघळतंय, आणि बाईंच्या डोळ्यांना धार लागलेली.

"तू?" आबा म्हणाले. "आगं, इका म्हनून तूच पाठीमागं लागली व्हतीस की!"

"लागले व्हते. म्हनून काय मला आठवन यायची न्हाई?" बानूबाईंनी नाक पुसलं. "आता हुबं काय ऱ्हायलाय? या की, बसा."

आबा बसले. कोकरानं त्यांचा हात हुंगला. मग आबांचं लक्ष बायकोच्या कानामागं गेलं.

"थांब, हलू नगंस. गोचीड हाय. काडतो."

"ऱ्हाऊ द्या वो वाईच," बानूबाई म्हणाल्या.